पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरचं लॉक मोडलं. आता क्रॅक (लॉक उडवलेली प्रत) टाकला तर मी चोर का?

खिळेजुळारी (शाहूपुरी, कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार. इथं मी नुसता वाचून जाणारा माणूस. आज अडलोय म्हणून लिहितोय. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, तालीम मंडळांची पावती पुस्तकं, निवडणूक आली की पॅनेलची पत्रकं. २००४ साली मराठी फाँटचं सॉफ्टवेअर रीतसर बिलानं घेतलं. साडेबारा हजार रुपये. बायकोच्या नावावरची ठेव मोडली होती त्याच्यासाठी, ते ती अजून काढते. त्या काळात आमच्या लाइनीत सॉफ्टवेअर विकत घेणारा म्हणजे येडा. लक्ष्मीपुरीतला एक दोस्त म्हणाला, "माझ्याकडची सीडी ने की, कशाला पैसे घालवतोस?" मी नाही म्हटलं. वडील जुळारी होते, छापखान्यात खिळे म्हणजे धातूची अक्षरं जुळवणारे. खिळे किलोवर विकत आणायचे, झिजले की मोडीत घालून नवे आणायचे. धंद्याचं हत्यार स्वतःच्या पैशाचं पाहिजे, हे घरातच बघितलेलं.

सॉफ्टवेअरबरोबर एक लॉक आलं. डोंगल. काडेपेटीएवढं, प्रिंटरच्या पोर्टात मागनं लावायचं आणि प्रिंटरची केबल त्याच्या बुडात. ते सापडलं तरच फाँट लोड होणार. प्रिंटर बंद असला की कधीकधी सापडायचंच नाही. मग आधी प्रिंटर, मग कॉम्प्युटर, मग सॉफ्टवेअर, असा पूजेसारखा क्रम. पुढं नव्या मदरबोर्डांना ते पोर्टच येईना. यूएसबीचं घ्या म्हणाले, अडीच हजार. दिले. मग नवीन विंडोजवर त्याचा ड्रायव्हर चालेना, म्हणून आजही कोपऱ्यात एक एक्सपीचं मशीन जपून ठेवलंय. लक्ष्मीपुरीच्या दोस्ताला यातलं काही म्हणजे काही नाही. त्याच्या सीडीतलं लॉक कुणीतरी आधीच उडवलेलं. वीस वर्षं बिनघोर.

२०१९ चा पूर तुम्हाला सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर गेलं. आम्ही दोन्ही मशिनं उचलून राजारामपुरीत मेव्हण्याकडं नेली. नेताना लॉक मोडायला नको म्हणून मी ते काढून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नीट कापडात गुंडाळून ठेवलं. हुशारी बघा. ड्रॉवर पाच दिवस पाण्याखाली. पाणी उतरल्यावर गाळातनं काढलं, धुतलं, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाच्या डब्यात आठवडाभर ठेवलं, आणि ते पठ्ठं चालू झालं! त्या तांदळाचा भात आम्ही खाल्ला नाही. पंचनाम्याला आलेल्या भाऊसाहेबांना हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना. "पेनड्राइव्ह लिहू का?" म्हणाले.

१९८९ च्या पुरात वडिलांचा छापखाना बुडाला होता. केशीच्या केशी (खिळे ठेवायचे खण) चिखलात. घरातल्या सगळ्यांनी बसून खिळे रॉकेलनं धुतले. मीपण. पंधरा दिवसांत ट्रेडल (छपाईचं मशीन) सुरू.

असो. तर ते लॉक गेल्या महिन्यात पोराचा गुडघा लागून मोडलं. कंपनीला फोन केला. एक दाबा, तीन दाबा झाल्यावर एका मुलीनं सांगितलं की मोडकं लॉक आणि मूळ बिल पाठवा, मग बघू. मूळ बिल पुरात गेलं. म्हणाली, सर, मग आपण खरेदी केली याला पुरावा नाही. आणि तशीही ती आवृत्ती बंद आहे, आता वर्षाच्या भाड्यावर नवीन मिळेल. मी विचारलं, त्यात माझ्या जुन्या फायली उघडतील? उघडतील. आणि भाडं थकलं तर? तर नाही उघडणार, सर.

आता खरी अडचण. २००६ साली रयतच्या शाळेत आयुष्य काढलेल्या एका गुरुजींचं आत्मचरित्र मी छपाईसाठी लावलं होतं. १८४ पानं. गुरुजी गेले. त्यांची नात दुसरी आवृत्ती काढायची म्हणून आली. फाइल माझ्याकडं आहे, पूरही सोसलेली आहे. उघडली तर इंग्रजी अक्षरांना टोप्या आणि शेपट्या लावल्यासारखं दिसतंय नुसतं. फाँट नाहीत म्हणजे मराठीच नाही. लॉक त्यांच्या सॉफ्टवेअरला होतं म्हणे. मग गुरुजींचं पुस्तक कसं काय आत कोंडलं गेलं? ते तर त्यांनी लिहिलं आणि मी टाइप केलं.

भाच्यानं काल पेनड्राइव्ह आणून दिला. क्रॅक आहे त्यात, दोन मिनिटांचं काम. माझा प्रश्न सरळ आहे: ज्या वस्तूचे पैसे दोनदा भरले, तिचा क्रॅक वापरला तर मी चोर ठरतो का? आणि ही कुलपं नेमकी कुणासाठी असतात? चोराला तर आजवर लागलेली मी बघितली नाहीत.

मिसळ_आणि_मर्दानी

अण्णा, तांदळाचा भात का खाल्ला नाही? 😄 बिनधास्त टाका क्रॅक. एवढं काय मनाला लावून घेताय राव. इषय संपला.

दूधसंकलन (कागल)

काका, मी दुसऱ्या बाजूचा माणूस. कुलूप लावणारा. शिव्या द्यायच्या तर द्या, पण ऐकून घ्या.

गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), दर, दर दहा दिवसांनी बिलं. मी एकटा आणि एक मुलगा पगारावर. पहिलं सॉफ्टवेअर बिनकुलपाचं दिलं होतं, एका संस्थेला, सहा हजारांत. दोन महिन्यांनी फोन सुरू झाले, "साहेब, आमच्यात दरपत्रक बदलता येईना, जरा येऊन जावा की." मी विचारलं, कुठली संस्था? नाव ऐकून गप्प झालो. अशा सात संस्था. एकीलाही मी विकलं नव्हतं. वरनं सर्व्हिस पण पाहिजे! सेक्रेटरी एकमेकांचे पाहुणे, पेनड्राइव्हनं फिरलं. वाईट कुणीच नव्हतं त्यात, चहा पाजला मला सगळ्यांनी. पण पैसे एकानंच दिले होते, आणि माझ्याकडच्या पोराचा पगार ते सात जण मिळून भरणार नव्हते.

मग कुलूप घातलं. डोंगल परवडत नाही, म्हणून हार्ड डिस्कचा नंबर बघायचा, तो जुळला तरच चालू. वर्षभर छान चाललं. आणि एका पहाटे सव्वापाचला फोन. राधानगरी तालुक्यातली संस्था, पहिल्यापासून पैसे वेळेवर देणारी. आदल्या रात्री हार्ड डिस्क गेली म्हणून त्यांनी नवी टाकली, बॅकअप चढवला, सगळं नीट केलं, आणि माझ्या प्रोग्रॅमनं त्यांना पडद्यावर लाल अक्षरात सांगितलं, "अनधिकृत प्रत." पन्नास-साठ माणसं किटल्या घेऊन रांगेत, त्यात पाऊस. माझ्या गावात लाइट नाही, त्यामुळं नवा कोड काढून देता येईना. शेवटी त्यांनी वहीवर दूध घेतलं. सेक्रेटरी मला काही बोलला नाही. एका म्हातारीनं मात्र त्याला विचारलं म्हणे, "कंप्युटर आम्हांस्नी चोर म्हणतोय व्हय?"

तेव्हापासून दोन बदल केले. एक, मशीन बदललं तर प्रोग्रॅम बंद पडत नाही, पंधरा दिवस चालतो आणि रोज आठवण करतो. दोन, कुलूप नवीन नोंदीला आहे, जुन्या नोंदी बघायला आणि बाहेर काढायला कधीच नाही. पैसे थकवले तरी नाही. दुधाचे आकडे संस्थेचे आहेत, माझे नाहीत. फुकट्यांना पंधरा दिवस मिळतात, मिळू देत. त्यातले दोघे नंतर गिऱ्हाईक झाले.

पण काका, "चोराला लागलेली बघितली नाहीत" हे पटलं नाही. साताच्या आठ संस्था झाल्या नाहीत त्या कुलपामुळंच. लक्ष्मीपुरीच्या तुमच्या दोस्तामुळं तुमच्या कंपनीनं तुम्हाला लॉक दिलं. राग आला तर थोडा त्याच्यावर पण काढा.

खिळेजुळारी

दूधसंकलन, शिव्या कशाला देऊ. म्हातारीचं वाक्य वाचून पोटात कालवलं.

दोस्तावर राग काढायचा म्हणताय, बरोबर आहे. पण तो मला दर दिवाळीला फराळ पाठवतो हो, आणि पुरात त्यानंच टेम्पो दिला. कंपनीनं वीस वर्षांत मला एक कॅलेंडर पाठवलं. तुमचं गिऱ्हाईक पहाटे सव्वापाचला तुम्हाला उठवू शकतं. माझी "कंपनी" म्हणजे एक दाबा, तीन दाबा. कुलूप घालणारा माणूस हाकेच्या अंतरावर असला तर माझी तक्रार निम्मी कमी होईल.

पायरी_चढलेली

वकिली करते, कोर्टात बरीच वर्षं झाली. हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. कुलपांचं कलम २०१२ च्या दुरुस्तीत आलं, ६५अ. हक्कभंग करण्याच्या हेतूनं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. "हेतूनं" हा शब्द आपल्याकडं मुद्दाम ठेवला आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडायलाच मुळात मनाई आहे आणि मग दर तीन वर्षांनी कुणाकुणाला सूट द्यायची त्याची यादी करत बसतात. आपला कायदा तेवढा कडक नाही.

दुसरं, कलम ५२ मधलं (१)(कक) बघा, इंग्रजीत डबल ए. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे त्याला गहाळ होणं, नष्ट होणं किंवा खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप करता येतो, ज्या कामासाठी घेतला त्याच कामापुरता. वाचताना तुमचा पूरच डोळ्यांसमोर येतो. पण दादा, तिथं "त्या प्रतीवरून" असे शब्द आहेत. म्हणजे तुमच्या सीडीवरून तुम्ही केलेली प्रत. भाच्यानं आणलेली प्रत तुमच्या सीडीवरून झालेली नाही, ती कुणाची तरी भलत्याचीच.

आणि ६३ब विसरू नका. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणं: सात दिवस ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता सोडू शकतं. तुमचं तर दुकान आहे. तुम्ही चोर नाही असं मला वाटतं, पण मला वाटून उपयोग नाही.

बिलाचं एक सुचवते. २००४ ला चेकनं पैसे दिले असतील किंवा हिशेब सीएकडं असतील तर तिथं नोंद सापडेल. ठेव मोडलीत ना? त्या बँकेचा उतारा मागा. ठेव मोडल्याची तारीख आणि रक्कम हाही पुरावाच. वहिनींना तारीख नक्की पाठ असेल.

आतली_वाचक

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर ऐकून वाचते. म्हणून माझी बाजू वेगळी.

मध्यंतरी एक मराठी ई-पुस्तक विकत घेतलं. नकल होऊ नये म्हणून त्यातला मजकूर असा बांधला होता की स्क्रीन रीडरला आत शिरताच येईना. ज्याला दिसतं तो वाचू शकतो, मी तीनशे रुपये भरून एक कोरी भिंत घेतली. तक्रार केली तर "सुरक्षेच्या कारणास्तव" असं उत्तर. कुणाची सुरक्षा, माझ्यापासून? अंध वाचकांसाठी पुस्तकं सुलभ करता यावीत म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला, आणि २०१४ ला तो मान्य करणारा जगातला पहिला देश भारत होता. २०१२ च्या दुरुस्तीतही तशी मुभा आहे. कायद्यात सगळं आहे. पुस्तकात नाही.

आणि "विकत घेतलं" हा शब्दच फसवा आहे. २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परत काढून घेतली होती, आणि त्यात ऑर्वेलचं १९८४ होतं! विकणाऱ्याकडं हक्कच नव्हते म्हणे. पैसे परत केले, माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि वाचकांची पुस्तकंही बंद झाली, तिथंही पैसे परत. आता कॅलिफोर्नियात कायदा झालाय, २०२५ पासून लागू, की नुसता परवाना देत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. आमचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. पुस्तक परत करायची तारीख ते पहिल्याच दिवशी सांगतात.

मिसळ_आणि_मर्दानी

वकीलताईंचं वाचून माझा सल्ला मागं घेतो. अण्णा, टाकू नका. आणि माझ्या आधीच्या कॉमेंटचा स्क्रीनशॉट कुणी काढू नका 🙏

बाकी क्रॅकबरोबर व्हायरस वगैरे काय काय येतं तेही बघा. आणि हे नुसतं चोरांचंच काम नाही. २००५ ला सोनी बीएमजीनं गाण्यांच्या सीडीत असला प्रोग्रॅम घातलेला की दुकानातनं सीडी आणून कॉम्प्युटरला लावली की तो गपचूप आत जाऊन लपून बसायचा. विकत घेणाऱ्याच्या घरात! डाउनलोड करणाऱ्याला काहीच नाही. बोंब झाल्यावर सीडी परत घ्याव्या लागल्या.

रफार

चर्चा छान आहे, पण गुरुजींच्या पुस्तकाचं काय? ते तर सुटू शकतं.

काका, तुमचा मजकूर गेलेला नाही. त्या काळच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. फाइलमध्ये फक्त त्या जागांचे क्रमांक आहेत. फाँट नसला की टोप्या-शेपट्या दिसतात, एवढंच. पेजमेकरमधून (पानं लावायचं सॉफ्टवेअर) तो मजकूर तसाच कॉपी करा आणि तुमच्या फाँटसाठीचा कन्व्हर्टर शोधून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत आणा. प्रचलित फाँटांचे फुकट मिळतात. यात कुणाचं लॉक तोडावं लागत नाही.

दोन ठिकाणी दगा होईल. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. कन्व्हर्टर चुकला की या दोन गोष्टी भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. दुसरं, जोडाक्षरं: क्ष, ज्ञ, द्ध, ह्य. ती डोळ्यांनीच तपासायची.

छापलेल्या पुस्तकाची एक प्रत असेल तर पानं स्कॅन करून ओसीआरही (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) करता येईल. आणि तेव्हा प्रेसला पीडीएफ दिली होती का? दिली असेल तर ती आजही मराठीतच दिसेल, फाँट तिच्या पोटात असतो. वाचायला ती आणि दुरुस्तीला युनिकोड, असं समोरासमोर ठेवून काम करा.

खिळेजुळारी

उशिरा कळवतोय, लग्नसराई चालू आहे.

वहिनींना तारीख पाठ आहे, वकीलताई. १७ मे. वार पण सांगितला. बँकेत अर्ज टाकलाय, शाखेतले म्हणाले जुनं रजिस्टर शोधावं लागेल, पुढच्या आठवड्यात या. त्यावर कंपनी काय म्हणते बघू.

आतली_वाचक, तुमचं वाचून मी गप्पच झालो. माझ्या पीडीएफनासुद्धा मी पासवर्ड घालायचो, पत्रिकेचं डिझाइन दुसऱ्यानं ढापू नये म्हणून. मजकूर कॉपी होऊ नये ही खूण सरसकट लावायचो. त्यानं कुणाचं वाचन अडत असेल हे कधी डोक्यातच आलं नाही. ती काढलीय. गुरुजींचं नवीन पुस्तक झालं की उघडी फाइल तुम्हाला पाठवतो, नातीची परवानगी घेतलीय. तुमच्या मशीनवर नीट वाचतंय का तेवढं सांगा.

भाच्याचा पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये आहे. त्याच ड्रॉवरमध्ये.

रफार, तुम्ही सांगितलं तसं काल रात्री केलं. पीडीएफ नाही मिळाली, पण नातीनं छापील प्रत आणून दिली. कन्व्हर्टरमधनं मजकूर बाहेर पडला आणि स्क्रीनवर मराठी उमटलं, तेव्हा पोराला हाक मारून दाखवलं. त्याला त्यात काय विशेष ते कळेना. पहिल्याच पानावर 'कर्मवीर' चं 'कमर्वीर' झालंय, आणि गुरुजींनी तो शब्द पुस्तकात दोनशे वेळा तरी लिहिलाय. एक-एक बघत बसलोय. पान सातवर आहे.